धुतलेले दिवे

सर्व संतांच्या सणाला ओल्शांका गावात प्रत्येक कबरीवर दिवे लागायचे. वॉर्सातून पोरं-नातवंडं यायची, आणि कोणाच्या कबरीवर किती दिवे आहेत हे बघायला बायका चष्मे पुसून तयार असायच्या. जास्त दिवे म्हणजे जास्त माया, इतकं सरळ. सण उलटला की काचेचे आणि प्लॅस्टिकचे ते सगळे दिवे ट्रॉल्या भरभरून चर्चमागच्या ओघळीत जायचे. ओतायचा कोण, तर गेनोवेफाचा नवरा वालेंती. दफनभूमीची राखण त्याच्याकडे होती.

तो जाऊन चार वर्षं झाली, ओघळ मात्र तशीच. खालच्या झऱ्याच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती. त्या वाटेने जाताना गेनोवेफाची मान आपोआप खाली जायची. म्हणून यंदा फादर सिल्वेस्टरनी प्रार्थनेनंतर विचारलं, "जुने दिवे धुऊन फाटकाशी फळीवर ठेवू, लोक त्यात नुसती नवी मेणबत्ती घालतील. पण धुणार कोण?" तेव्हा तीच आधी उठली. तीन आठवडे चार बायका घेऊन तिने काजळी खरवडली. बोटांची सालटी निघाली.

"फळी रिकामी झाली नाही, तर गावचे पंच पुन्हा दिवे ओघळीतच टाकायला लावतील," फादरनी बजावलं होतं.

सणाच्या दिवशी फळी भरलेलीच राहिली. लोक थांबत, "काय लख्ख धुतलेत!" म्हणत आणि फाटकाबाहेरच्या विक्रेत्याकडून नवे दिवे घेत.

"दुसऱ्याच्या मेलेल्याचा दिवा आपल्या माणसाला कसा लावायचा?" एक म्हातारी कुजबुजली. "रागावेल ना तो."

"जिवंतपणी तुझ्यापुढे ब्र काढला नाही त्याने. आता रागावतोय!" गेनोवेफा म्हणाली.

म्हातारी खुदकन हसली, पण नवाच दिवा घेऊन गेली.

खोटं कशाला बोला, गेनोवेफाच्या पिशवीतही शेवंतीखाली दोन नवे दिवे होते. लोकांच्या तोंडाची धास्ती तिलाही होतीच. पण भरलेली फळी बघून तिला स्वतःची लाज वाटली. तिने फळीवरचा एक तांबडा दिवा उचलला आणि नवऱ्याच्या कबरीवर ठेवला.

नणंद ओतिलिया तिथे आठ नवे दिवे मांडत होती. ती ताडकन उभी राहिली.

"वहिनी, माझ्या दादाला उष्टा दिवा? आणि तोही एकच?"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

"तुझ्या दादानेच ती ओघळ भरली, ओतिलिया. डबा बांधून मीच त्याला धाडायचे." गेनोवेफाचा आवाज चढला. "शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, झऱ्याचं पाणी आण. लहानपणी तुम्ही दोघं प्यायचात ते. कुठून आणू? मी नळाचं दिलं, आणि झऱ्याचंच आहे म्हणून सांगितलं."

ओतिलियाने आपले आठही दिवे पिशवीत भरले, सगळ्यांच्या देखत फाटकापर्यंत गेली आणि फळीवरचा एक दिवा घेऊन आली. तिच्यामागून आणखी दोघी फळीपाशी जाऊन थांबल्या.

दिवा पेटवताना तिने हळूच विचारलं, "त्याला कळलं होतं का गं?"

"कळलं असणार," गेनोवेफा म्हणाली. "सगळं प्याला. आणि मग माझ्याकडे बघेचना."