निलगिरीवरचे मेलेले किडे

एलादिओबुवाने बाटलीतलं पाणी शिंपडून निलगिरीच्या खोडावर काठी हाणली आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर किड्यांचा सडा पडला. तपकिरी सोंडकिडे, पाय पोटाशी घेतलेले, निपचित.

"मेले! सगळे मेले!" लोक ओरडले. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी बुवाच्या कोटाला हात लावून घेतला. स्पेनमधल्या गॅलिसियातल्या त्या डोंगरगावात या परदेशी किड्याने निलगिरीचे शेंडे कुरतडून झाडांचे पार खराटे करून टाकले होते.

हेर्मिंदा मास्तरीण छत्री टेकून मागे उभी होती. तिची नजर किड्यांवर नव्हती, थोरल्या बहिणीच्या कानांवर होती. ओब्दुलियाच्या कानांत त्यांच्या आईची सोन्याची कर्णफुलं होती आणि आज ती बुवाला वाहायची ठरली होती.

"हे सन शुआन संताच्या सणाच्या रात्री उघड्यावर ठेवलेलं पाणी!" बुवाने बाटली उंचावली. "सताप आहे, बडीशेप आहे, आणि माझ्या आजीचा मंत्र आहे. आता पाठ फिरवा आणि सरळ चॅपलकडे चला. मागे बघायचं नाही! बघणाऱ्याच्या रानात किडा पुन्हा उठेल."

उतारा केला की मागे बघायचं नाही, हा तिथला जुना रिवाज. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही, माणसं मुकाट वळली. हेर्मिंदाच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

"बुवा, मेलेला किडा कुणी बघितल्याने उठेल कसा?"

"शाळेतले प्रश्न शाळेत विचारा, बाई."

"विचारतेच. ताई, हात पुढे कर." तिने चादरीवरचे चार किडे ओब्दुलियाच्या तळहातावर ठेवले.

"अगं, माझी झाडं जातील! तुला पगार आहे. मला या रानाशिवाय काय आहे?"

"म्हणूनच म्हणते. नुसती उभी राहा जरा."

बुवा लगबगीने चादर गुंडाळायला वाकला. हेर्मिंदाने चादरीच्या टोकावर पाय रोवला. लोक थबकले. वळून ओब्दुलियाच्या तळहाताकडे बघू लागले.

"अगं बाई! चालतोय!" ओब्दुलिया किंचाळली. एक किडा तिच्या मनगटावर चढत होता. चादरीवरचेही पाय ताणून उठू लागले होते.

"कुणीतरी मागे बघितलं!" बुवा गरजला.

"असं? मग आता माझा मंत्र बघा." हेर्मिंदाने शेजारच्या झाडाखाली छत्री उलटी धरली, बुवाचीच काठी घेतली आणि खोडावर दणका दिला. "सात एके सात! सात दुणे चौदा!"

छत्रीत टपाटप किडे पडले. लोक आधी हसले, मग छत्रीभोवती जमले.

"धक्का बसला की हा किडा फांदी सोडतो आणि मेल्याचं सोंग घेतो, पाखराने खाऊ नये म्हणून. आपण पाठ फिरवली की पुन्हा झाडावर! सोंग किड्याचं, दक्षिणा बुवाची. बुवाने उतारा करूनही आपल्या गावच्या रामुंदेच्या रानात किडा परत आला, तेव्हा आपण त्याच्या बायकोला धारेवर धरलं. म्हणे तिनेच मागे बघितलं. ती बिचारी अजून गावात मान वर करत नाही." हेर्मिंदाने काठी जमिनीवर आपटली.

बुवा काठी न घेताच पायवाटेने सटकला.

"ताई, वनखात्याने दिलेल्या पुड्या कुठे आहेत?"

"स्वयंपाकघरात पडल्यात. त्या झाडांना टांगल्या तर पाण्याचा गुण जातो, असं बुवा म्हणाला होता."

"म्हणणारच! त्यांतून चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात. किड्याच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात, मग किड्याची पिल्लं जन्मालाच येत नाहीत."

"मग उद्या थांबेल का गं हे?"

"नाही. वेळ लागेल, काही झाडं हातची जातीलही. उद्याच थांबेल असं सांगणाऱ्याला कर्णफुलं लागतात."

ओब्दुलियाचा हात कानाशी गेला. कर्णफुलं जागेवर होती. तिने डोळे पुसले. "चल, पुड्या टांगू. पण आधी रामुंदेच्या बायकोकडे जाऊ. तिला बोल लावणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते."

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण 'मागे बघू नका' असं कुणी बजावलं, तर मित्रहो, आधी मागे वळून बघा.