सतरंजीपलीकडचा प्रश्न

वामन मास्तरांच्या हाती पडलेला कागद तांबडी पेन्सिल फिरल्याशिवाय सुटत नसे. सासुरवाडीची पत्रंसुद्धा ते दुरुस्त करूनच फाइलीला लावत. लग्नानंतर वर्षभर विमलला याचं हसू आलं. पुढे तिने माहेरच्यांनाच कळवून टाकलं, की पोस्टकार्डावर कमी लिहीत जा.

एरवी माणूस सोन्यासारखा. बुऱ्हाणपुरात नवा विचार आणायचा ध्यास त्यांनीच घेतला होता. नागपूरच्या विद्यापीठाची जाहीर व्याख्यानं आपल्या गावात व्हावीत म्हणून दोन वर्षं अर्ज पाठवून पाठवून शेवटी छत्तीस सालच्या जूनमध्ये एका शनिवारी त्यांनी खरंच एक प्रोफेसर मिळवले. विषय होता ‘समाजपरिवर्तन आणि स्त्री’. सेक्रेटरी अर्थातच मास्तर. लालबाग स्टेशनावर टांगा धाडण्यापासून इतवाऱ्यातून हार आणण्यापर्यंत सगळं त्यांनी जातीने केलं.

स्त्रियांची सोयही त्यांचीच. लोधीपुऱ्यातल्या वाचनालयाच्या दालनात त्यांनी एक जाडजूड सतरंजी दोरीवर आडवी टांगली आणि पलीकडे बायकांना बसवलं. स्त्रियांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून सतरंजीखालून सेक्रेटरींकडे सरकवावेत, असा नियम जाहिरातीत छापला होता.

विमल अगदी पुढे, सतरंजीला नाक लावून बसली होती. तिला व्याख्यानापेक्षा चिठ्ठीची घाई होती. तिची सुमन चौथी पास झाली होती आणि मुलींची शाळा चौथीलाच संपत होती. मुलांची इंग्रजी शाळा सोमवारी उघडणार होती आणि तिथल्या पाचवीला खुद्द वामन मास्तर शिकवत. “तिला तुमच्याच वर्गात बसवा,” असं विमल महिनाभर म्हणत होती आणि मास्तर “बघू” म्हणत होते. त्यांचं ‘बघू’ म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. सोमवार हुकला की पोरगी चुलीपाशी आली म्हणूनच समजायचं.

प्रोफेसर बोलू लागले. सतरंजीखालून बायकांना त्यांचे फक्त करडे मोजे दिसत होते. मुद्दा रंगात आला की मोजे टाचा उचलत.

विमलच्या शेजारी निंबोल्याची मथुराबाई होती. पाहुण्यांसाठी केळ्यांचा घड घेऊन आली होती, ती तशीच बसून राहिली. तिने विमलला ढोसलं.

“काय सांगून राह्यला वो बाई, हा मोजेवाला?”

“म्हणतात, बायकांनी पुढे यायला हवं.”

“मंग हे सतरंजी काढाले सांग ना त्याले.”

दोघींनी पदर तोंडाशी धरून हसून घेतलं.

व्याख्यान संपलं. विमलने चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मुलींची शाळा चौथीला संपते. माझ्या मुलीने सोमवारी कुठे जावं?’ ओळखीचा हात खाली आला आणि चिठ्ठी वर गेली. मग पलीकडून पेन्सिलीचा खरखर आवाज आला.

“भगिनीवर्गाचा प्रश्न आहे,” मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, “स्त्रीशिक्षणाची भावी दिशा कोणती असावी?”

प्रोफेसर खूश. त्यांनी दहा मिनिटं विलायतेपासून जपानपर्यंत चक्कर मारली आणि टाळ्या घेतल्या. विमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन भांडावं तर पुन्हा ‘बघू’ ठरलेलं. इथे बोलावं तर चार माणसांत ती आजवर कधी बोललेली नव्हती. पण सुमनचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. ती उठून उभी राहिली.

“सेक्रेटरीसाहेब, हा माझा प्रश्न नव्हे.”

मास्तरांनी आवाज ओळखला.

“तोच आहे,” ते चाचरत म्हणाले, “फक्त जरा शुद्ध करून...”

“अशुद्धच वाचा.”

पुरुषांत खसखस पिकली. मास्तरांनी तांबड्या रेघांखालचं मूळ अक्षर शोधून शोधून वाचलं. ‘माझ्या मुलीने’ म्हणताना ते अडखळले, कारण मुलगी त्यांचीही होती आणि अर्ध्या सभेला ते ठाऊक होतं.

प्रोफेसर मात्र सरळ निघाले. “बाई, याचं उत्तर मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “मी आज आलो, उद्या जाणार. गावातल्याच कोणी सांगावं.” आणि त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष होते त्याच इंग्रजी शाळेचे हेडमास्तर.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. “मुलींना घेऊ नये असा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही. माझ्या नऊ वर्षांत एकही अर्ज आला नाही. मी घेणार होतो कोणाला?”

मथुराबाईने सतरंजीची कड उचलून प्रोफेसरांचं तोंड एकदा नीट पाहून घेतलं. “बरा आहे मानूस,” ती म्हणाली.

घरी जाताना लोधीपुरा मागे पडला. मग मास्तर म्हणाले, “मला वाटलं, नियम आहे.”

“विचारलं होतंत?”

“नाही. सगळे मास्तर हसतील, असं वाटलं.”

विमलला रागही आला आणि कीवही आली. “आज हसलेच की,” ती म्हणाली. “मेलात का?”

रविवारी सकाळी मास्तरांनी आपण होऊन अर्ज लिहिला, चांगला फुलस्केप भरून. स्त्रीशिक्षणाचं महत्त्व, काळाची गरज, आणि शेवटी ‘सदर बाबीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती’. कागद त्यांनी विमलपुढे धरला. “बघ, जमलंय का.”

विमलने तो दोनदा वाचला. मग त्यांच्या कानामागची तांबडी पेन्सिल काढून घेतली, वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि तळाशी लिहिलं, ‘सुमन सोमवारी येत आहे.’

मास्तरांनी ती ओळ वाचली. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला आणि मागे आला.

“शुद्ध आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी खाली सही केली.