चिकूसाठी स्थळ

चिकूला चांगलं घर मिळेपर्यंत दाढी करायची नाही, असं काही पितांबर आबांनी ठरवलं नव्हतं. पण स्थळं पाहण्याच्या धावपळीत ती राहूनच जात होती. चिकू म्हणजे वर्षाच्या आतलं, लाडानं पार बिघडलेलं तांबूस कुत्रं. मुलगा जीवन हौसेनं घेऊन आला आणि पुण्याला नोकरी लागताच हौस जळगावातच ठेवून गेला. इकडे आबांच्या बायकोचा, द्रौपदाबाईंचा दमा बळावला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरात एक तर कुत्रं राहील नाही तर बाईंचा श्वास. आबांनी बायकोची बाजू घेतली, पण जरा सवडीनं.

"चांगलं स्थळ आलं की लगेच देऊ," ते म्हणाले.

पहिलं स्थळ नशिराबादचं. अंगण ऐसपैस, माणसं दिलदार. पण आबांना खांबाला साखळी दिसली आणि त्यांनी चहा अर्धा ठेवला. "आमच्याकडे मोकळा वाढलाय तो," एवढंच बोलून परत. धुळ्याचा फ्लॅट तर चकचकीत, पण नवरा-बायको दोघंही नोकरीला. दिवसभर बोलायला माणूस नाही, पोर झुरून जाईल, हे आबांनी जिना उतरता उतरताच जाहीर केलं.

भडगावजवळचा कौतिक मात्र चिवट निघाला. गिरणेकाठी केळीचा मळा, मळ्यातच घर. आबांनी त्याच्याच खाटेवर बसून त्याची उलटतपासणी घेतली. खायला ताजं घालणार की उरलेलं? आजारी पडला तर दवाखान्यात कोण नेणार? काही चुकलं तर हात उगारणार का? घरातली म्हातारी माणसं खेकसतात का?

"आबा, बठ्ठा मळा त्याना शे," कौतिक म्हणाला. "आमी जे खातस तेच तो खाई."

"सगळा मळा त्याचा, ते ठीक. पण तुम्ही खाता ते म्हणजे कळण्याची भाकर आणि ठेचा. तिखटाची सवय नाही त्याला. विचार करून कळवतो."

'कळवतो' हा शब्द वरपक्षाचा. आबांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच वापरला आणि त्यांना तो फार आवडला. मुलीचं, शिल्पाचं लग्न ठरवताना ते मुलीचे बाप होते, आणि मुलीच्या बापानं विचारायचं नसतं. दोंडाईच्याचं घर पाहायला ते गेले, दारातला ट्रॅक्टर पाहिला, खापरावरची पुरणपोळी खाल्ली आणि हात जोडून परत आले. गेल्या दोन आखाजींना, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं. खानदेशात आखाजीला लेक आली नाही की सारी गल्ली चौकशी करते. "मोठं घर आहे, कामं असतात," असं सांगून आबा मोकळे होत.

एका संध्याकाळी शिल्पाचाच फोन आला. आबांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"आबा, चिकूला माझ्याकडे पाठवा ना. सासूबाईंना राखणीला कुत्रं हवंच आहे. मलाही सोबत होईल."

"तुझ्याकडे? छे," आबा तिथल्या तिथे म्हणाले. नकार द्यायची आता सवयच लागली होती. "तिथं कोण बघणार त्याच्याकडे? सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खायला. आजारी पडला तर सोंग करतो म्हणतील. तुझ्या सासूचं ते तोंड. आणि जावयांचं, प्रेमरावांचं म्हणशील, तर ते घरात असून नसल्यासारखे. नको बाई, त्या घरात हाल होतील त्याचे."

बोलून झाल्यावर आबांना कळलं आपण काय बोललो ते. शिल्पा म्हणाली, "बरोबर आहे, आबा. त्याला नकोच." आणि दूध उतू जातंय म्हणून तिनं फोन ठेवला.

आबांना इतकी लाज वाटली की बायकोकडे बघवेना. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं, तरी सगळं ठाऊक होतं. द्रौपदाबाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "भडगावचं स्थळ वाईट नाही. त्याला देऊन टाका. आणि तसंच पुढे जाऊन या."

पुढे कुठे, हे आबांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, ओळखीच्या एकाची गाडी ड्रायव्हरसकट मागितली आणि चिकूला घेऊन मळा गाठला. उतरल्या उतरल्या चिकू केळीच्या खोडांमधून जो उधळला तो ठिबकची नळी तोंडात धरूनच दिसला. कौतिक नुसता हसला. पाठवणीच्या वेळी एकदा तरी मागे वळून बघायची रीत असते. चिकूला ती कोणी शिकवली नव्हती. आबांना थोडं वाईट वाटलं आणि पुष्कळ बरं वाटलं.

गाडी जळगावला परत गेली तरी आबा बांधावर उभेच. कौतिक जवळ आला.

"आखो काही इचारनं ऱ्हायनं का, आबा?"

"बठ्ठं इचारनं शे," आबा म्हणाले. "पन तुले नही."

आणि दोंडाईच्याला जायचं तर धुळ्याची एसटी कुठे थांबते, तेवढं त्यांनी त्याला विचारलं.