झऱ्याची बाजू

रूपचंद सर अर्ध्या चढावर एका खडकाला पाठ लावून बसले, ते बसलेच. पुढे जायला पाय उचलेना आणि मागे वळून बघायची हिंमत होईना. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, डोळे गच्च मिटले होते आणि हाताला लागलेल्या एका झुडपाचं खोड त्यांनी असं धरलं होतं, की जणू ते सोडलं तर आपण थेट धुळ्यात जाऊन पडू.

"सर, थोडंच राहिलंय!" वरून अभिमन ओरडला.

"तुम्ही व्हा पुढे," डोळे न उघडताच सर म्हणाले. "मी जरा खडकाचं निरीक्षण करतो."

पोरं हसली नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. करुणा बैसाणे तेवढी खाली उतरून आली. तिने सरांचं मनगट धरलं आणि आजारी माणसाला न्यावं तसं हळूहळू त्यांना खैरपाड्यावर परत आणलं. एका झोपडीपुढे बाज टाकलेली होती, तिच्यावर बसवलं आणि ती पुन्हा डोंगर चढायला लागली.

सर असोद्याचे. केळीच्या सपाट शेतात वाढलेले. धुळ्याच्या कॉलेजात भूगोल शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. घडीचे पर्वत, गट पर्वत, अवशिष्ट पर्वत, सगळं झोपेत विचारलं तरी सांगत. पण पांझरेच्या पुलावरून जाताना कठड्यापासून लांब, रस्त्याच्या मधोमध चालत आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. इतकी वर्षं डोंगर चढल्यावाचून काही अडलं नव्हतं. वर्गात मजकूर सांगायचा, पोरांनी तो उतरवून घ्यायचा. मग नवं विद्यापीठ झालं, नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात 'डोंगराळ प्रदेशाचा विकास' हा विषय आला. पोरांनी प्रत्यक्ष एखाद्या डोंगरावर जायचं, तिथल्या लोकांसाठी काय व्हायला हवं ते शोधायचं आणि ते संबंधितांपुढे मांडायचं. म्हणून हे सगळे एसटीने शिरपूरच्याही पलीकडे, सातपुड्याच्या या पाड्यावर आलेले.

"काय मास्तर, घेरी उनी का?" झोपडीतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. भिकुबाई. पाड्याची बोली वेगळी होती, पण बाजाराला जाऊन जाऊन तिला अहिराणी चांगली येत होती.

"घेरी नाही हो. भीती वाटते मला उंचीची."

भिकुबाई एवढी हसली, की तिला खाली टेकावं लागलं. पण त्या हसण्यात हिणवणं नव्हतं. सरही हसले. पाणी गार होतं, गोड होतं. ते कुठलं, असं त्यांनी विचारलं.

"वरला झिरानं. उन्हाळामां बी आटत नही." मग तिने डोंगराकडे हात केला. "पन आते तो डोंगर फोडतीन म्हंतस. मोठा रस्तासाठे खडी पाहिजे ना त्यासले."

संध्याकाळी पोरं खाली आली तेव्हा सरांनी त्यांना हे सांगितलं. खडकाचं निरीक्षण राहिलं, पण ही बातमी मात्र त्यांनीच आणली होती. एसटीत पोरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. करुणाचे डोळे चमकत होते. "सर, आपण हे होऊ द्यायचं नाही."

'बघू,' असं सर म्हणणार होते. सवयीने. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते गप्प बसले.

पुढच्याच आठवड्यात पोरांनी धुळ्यात मोर्चा काढला. पुठ्ठ्याच्या पाट्या, 'डोंगर वाचवा'च्या घोषणा. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. ज्या कंत्राटदाराला खडी हवी होती त्यानेच कॉलेजच्या नव्या इमारतीला देणगी दिली होती.

"रूपचंदभाऊ, पुढच्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे," प्राचार्य चहा पुढे सरकवत म्हणाले. "मी काही वेगळं सांगायला नको."

सरांनी चहा घेतला, मान हलवली आणि बाहेर आले. घरी लिलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी हे सांगितलं.

"तुमी त आपल्या गच्चीवर बी चढत नाही," त्या म्हणाल्या. "डोंगराच्या भानगडीत कायले पडता?" आणि थोड्या वेळाने, भाकरी थापता थापताच, "पोरं भली हायेत का पन?"

"भली आहेत."

"मंग ऱ्हा त्यांच्यासंगं."

पण सर आणि पोरं पुन्हा खैरपाड्यावर गेली तेव्हा तिथे कोणी त्यांच्याशी धड बोलेना. भिकुबाईने पाणी दिलं, पण बाज टाकली नाही. तिचा मुलगा चुडामण दाराच्या खांबाला टेकून उभा होता. खाणीवर काम देतो, असं त्याला कोणीतरी कबूल केलं होतं, आणि धुळ्याच्या मोर्चाची खबर पाड्यापर्यंत पोचली होती.

"तुम्हले कोनी सांगं, आम्हले खान नको म्हनीसन?" भिकुबाईने करुणालाच विचारलं.

"पण मावशी, झरा जाईल ना—"

"झिरा बी पाहिजे, काम बी पाहिजे. काम नही तं दिवायीनंतर मन्हा पोऱ्या ऊस तोडाले गुजरातमां जाई. बठ्ठा पाडा जाई. मंग झिरानं पानी कोन पिई? मी एकली?"

परतीच्या एसटीत करुणा खिडकीकडे तोंड करून रडत होती. सर मुद्दाम तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसले.

"बाबांची गिरणी बंद पडली ना सर, तेव्हा आमच्या गल्लीत सगळे येऊन भाषणं करून जायचे," ती डोळे पुसत म्हणाली. "आई म्हणायची, भाषणं नकोत, कुणी काम आहे का ते सांगा. मला हे सगळं माहीत होतं सर. तरी मी तेच केलं."

सरांनी तिला आपला रुमाल दिला. मग म्हणाले, "रविवारी पुन्हा जाऊ. पाट्या नकोत. आपण फक्त विचारायचं."

आणि ते गेले. त्या रविवारी, पुढच्या रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतही. पोरं घरोघर बसली. कोण कधी ऊसतोडीला जातं, गुरं कुठे चरतात, पावसाचं पाणी कुठून धावतं, माती कुठे वाहून जाते, सगळं विचारत हिंडली. खाणीवरच्या कामाच्या आशेने चुडामण त्या वर्षी ऊसतोडीला गेला नव्हता; सुरुवातीला टाळणारा तोच पुढे त्यांना वाटा दाखवायला लागला. अभिमनचं आणि त्याचं तर दर वेळी भांडण, दर वेळी दोस्ती. त्यातून एक मागणं निघालं: डोंगराची पश्चिमेकडची सोंड उघडी, निव्वळ खडक. खडी काढायचीच तर ती तिथून काढा. झऱ्याच्या बाजूला सुरुंग नको. त्या उतारावर रोजगार हमीतून चर खोदा, सीताफळं लावा, म्हणजे पाणीही मुरेल आणि लोकांना गावातच काम मिळेल. हे मागणं पोरांचं राहिलं नव्हतं आणि पाड्याचं एकट्याचंही नव्हतं. त्यावरून पाड्यात दोनदा कडाक्याची भांडणं झाली होती, तेव्हा कुठे ते ठरलं होतं. सर या सगळ्यात बाजेवर बसून असत. भिकुबाई त्यांना शेंगा फोडायला देई.

माघात पाड्याच्या अर्जावरून प्रांतसाहेब चौकशीला आले. पाड्याखालच्या मोठ्या आंब्याच्या सावलीत खुर्च्या मांडल्या. कंत्राटदाराचा माणूस होता, पाड्यावर मागे राहिलेली माणसं होती. करुणा बोलायला उभी राहिली. तिने मुद्देसूद सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "साहेब, आता पुढचं भिकुबाई सांगतील." भिकुबाईने तिच्या पद्धतीने सांगितलं.

कंत्राटदाराचा माणूस हसला. "साहेब, हे पोरांचे परीक्षेच्या मार्कांचे उद्योग आहेत. यांचे सर इथंच आहेत, त्यांनाच विचारा. वर झरा म्हणतात तो म्हणजे नुसती ओल आहे."

प्रांतसाहेब वळले. "सर, तुम्ही स्वतः पाहिलाय का तो झरा?"

सगळ्यांच्या माना सरांकडे फिरल्या. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. करुणाने डोळे मिटून घेतले.

"नाही साहेब," सर उभे राहून म्हणाले. "मला उंचीची फार भीती वाटते. मी आजवर वर गेलेलोच नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. कंत्राटदाराच्या माणसाने हात पसरले, बघा, अशा अर्थाने. सरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि घडी करून तो परत ठेवला.

"पण तुम्हीही पाहिलेला नाही साहेब," ते म्हणाले. "चला. दोघं मिळून बघू."

पाड्यावरची माणसं पुढे कितीतरी वर्षं त्या चढाची गोष्ट सांगत. पुढे चुडामण आणि प्रांतसाहेब, मागे गुडघ्यांवर, हातांवर, कधी अक्षरशः पोटावर सरकणारे रूपचंद सर. अभिमन वरून हात देत होता आणि करुणा मागून बोलत होती. "सर, डावा पाय. आता उजवा. तिथं खाच आहे, बोट घाला. खाली बघू नका. माझा आवाज ऐका फक्त." वर्गात शब्दन् शब्द सांगणारे सर आज तिच्या एकेका शब्दावर पाऊल टाकत होते. ज्या खडकाशी पहिल्या वेळी ते अडले होते तिथे त्यांनी पुन्हा त्याच झुडपाचं खोड धरलं.

"सर, परत जायचं का?" करुणाने हळूच विचारलं. तिने मनापासून विचारलं होतं. त्यांची चेष्टा व्हावी असं तिला नको होतं.

"तू बोलत राहा," सर म्हणाले.

वर दोन कातळांच्या बेचक्यात पाणी होतं. फार नाही, पण जिवंत. वाळूतून बुडबुडे काढत वर येणारं. बायका हंडे लावून ओळीने बसल्या होत्या. प्रांतसाहेब वाकले, ओंजळीने प्याले, पुन्हा प्याले. सर पाण्याच्या कडेला पालथेच पडले होते. त्यांनी गाल ओल्या दगडाला लावला. मागोमाग चढून आलेल्या भिकुबाईने त्यांच्या डोक्यावरून ओला हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

निकाल लागायला उन्हाळा उजाडला. झऱ्याची बाजू वाचली. चरांचं काम मंजूर झालं. पश्चिमेची सोंड मात्र खाणीला गेली, आणि मागणीत सुचवली होती त्यापेक्षा बरीच मोठी. विभागप्रमुखाची जागा सरांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. सरांनी पेढे आणून त्याचं अभिनंदन केलं. निवृत्त होईपर्यंत ते होते तिथेच राहिले. करुणा पुढे शिकायला गेली, अभिमन शेतीकडे परतला.

निकालानंतर दोन वर्षांनी सर नवी पोरं घेऊन खैरपाड्यावर आले. आता करुणा नव्हती, तर चुडामणने हात धरून वर न्यावं असं त्यांच्या मनात होतं. पण चुडामण नव्हता. खाणीवरचं कबूल केलेलं काम त्याला मिळालंच नाही; चराच्या कामात त्याने पहिला हंगाम काढला, दुसऱ्या वर्षी ते काम उशिरा निघालं, आणि तो ऊसतोडीच्या मुकादमाबरोबर गुजरातला गेला.

"गया," भिकुबाई एवढंच म्हणाली. मग तिने स्वतःच सरांचा हात धरला. दोघं थांबत थांबत, एकमेकांना सांभाळत झऱ्यापाशी पोचली. मागून नवी पोरं आली. उतारावर चरांच्या आडव्या रेघा होत्या, त्यांच्या कडेने सीताफळाची रोपं धरली होती.

दुपारी पश्चिमेकडे सुरुंग उडाला. पायाखालचा दगड हलला. नवी पोरं दचकून उभी राहिली.

"सर, हे काय?"

"खाण. त्या बाजूचं फारसं काही नाही वाचवता आलं," सर म्हणाले.

थोड्या वेळाने वाऱ्याबरोबर पांढरी धूळ आली आणि पाण्यावर तिची पातळ साय धरली. भिकुबाई वाकली. तिने हाताच्या पालथ्या बाजूने ती धूळ हळूच एका कडेला लोटली. खालून वाळू हलत होती, पाणी वर येत होतं. ते नितळ होईपर्यंत ती तशीच वाकून थांबली आणि मग तिने हंडा लावला.