संध्याकाळचं वाचन

"मान इकडे करा," टेलरबाई म्हणाली आणि नवऱ्याची हनुवटी धरून तिनेच ती आपल्याकडे वळवली. चष्मा पुसला, मांडीवरचं जाडजूड शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि खुणेच्या पानावरून वाचायला लागली. दुष्टाचा दिवा कसा विझतो, मेल्यावर त्याच्या जिभेला पाण्याचा थेंबही कसा मिळत नाही. शब्द न् शब्द सुटा, स्वच्छ.

झटक्याने नवऱ्याची एक बाजू गेली होती, वाचाही गेली होती. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टरने तसं स्पष्ट सांगितलं, तेव्हा टेलरबाईला मनातून बरं वाटलं होतं.

ती दवाखान्याच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी शिवायची, तो ट्रक चालवायचा. लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पाळकांच्या बायकोने चर्चमागच्या खोलीत बसवून तिला शास्त्रावरूनच वाचायला शिकवलं. नवऱ्याची चांगलीच करमणूक झाली. दोस्त जमले की तो हाक मारायचा, "मास्तरीणबाई, या बाहेर. आम्हालाही द्या थोडं ज्ञान." न जाण्याची सोय नव्हती, तिच्या पाठीला ते ठाऊक होतं. उभं राहून वाचायचं. जोडाक्षर आलं की ती अडखळायची आणि सगळे पोट धरून हसायचे. एकदा त्याने तिला एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली होती, दोस्त कंटाळून उठून जाईपर्यंत.

आता जोडाक्षरं तिला अडवत नव्हती, आणि त्याला कूसही बदलता येत नव्हती.

नणंद भावाला बघायला आली, ती दारातच थबकून ऐकत राहिली. वाचन संपल्यावर म्हणाली, "वहिनी, आमचा दादा काही साधा नव्हता, मला माहीत आहे. दुसरी असती तर तोंड फिरवून बसली असती. तुम्ही रोज देवाचं ऐकवता."

"माझ्या हातात दुसरं काय आहे?"

"आणि बघा ना, ऐकताना डोळे भरून येतात त्याचे."

"येतात खरे," टेलरबाई म्हणाली आणि पदराने त्याचे डोळे कोरडे केले. जरा जोरातच.

नणंदेने ते चारचौघांत सांगितलं. चर्चमध्ये टेलरबाईचा मान वाढला. शास्त्र वाचून माणूस शहाणं कसं होतं ते या बाईकडे बघून शिका, असं पाळक बायकांना सांगू लागले. तिलाही ते पटत होतं.

एके दुपारी शिवणयंत्र बंद करून ती पुढच्या वाचनासाठी पानं धुंडाळत होती. सर्वस्व गमावलेल्या एका माणसाच्या गोष्टीतून तिने बरीच वाक्यं उचलली होती. आणखी काही मिळतंय का बघावं म्हणून तिने ती गोष्ट प्रथमच सुरुवातीपासून वाचली. पोरं मेलेली, अंगभर फोड. भेटायला मित्र येतात, त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसतात. तोवर ठीक होतं. मग त्यांची तोंडं सुटतात. दुष्टाचा दिवा विझतो, हे त्या मित्रांपैकीच एकाचं बोलणं होतं. कोण बोलतंय हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी देवाचा राग या बोलणाऱ्यांवरच भडकला होता.

तिने ते पान पुन्हा वाचलं. अर्थ बदलला नाही. समोर अर्धवट शिवलेली चादर सुईत अडकून तशीच पडली होती.

त्या संध्याकाळी तिने त्याला धीर देणारी ओळ शोधून ठेवली. खाटेजवळ बसत म्हणाली, "आज वेगळं वाचते. चांगलं आहे."

पुस्तक दिसताच त्याने धड असलेला हात उचलला. काही हवं असेल म्हणून ती वाकली. त्याने तळवा तिच्या तोंडावर ठेवला. त्यात मारण्याची ताकद नव्हती. तो तिच्याकडे बघत होता. ती तशीच वाकून राहिली, हात आपोआप गळून पडेपर्यंत.

पुस्तक तिने कपाटात ठेवलं. त्यानंतर ती रोज नुसतीच त्याच्याजवळ बसायची. "आता नाही वाचणार मी," हे तिने त्याला कितीदा तरी सांगितलं. पण दिवे लागले की तो डोळे गच्च मिटून घ्यायचा, जबडा आवळायचा. त्याने तिच्यावर विश्वास ठेवावा असं तिने काय केलं होतं? महिनाभर तो असाच आवळून पडून राहिला आणि मग गेला.

अंत्यविधीच्या आधी पाळकांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, त्यांना सगळ्यात आवडणारं वचन कोणतं? तेच वाचू."

"त्यांना ऐकवत नव्हतं," ती म्हणाली.

"कानही गेले होते?"

तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात शवपेटी आत आली आणि पाळक पुढे गेले. ऐकू न येणाऱ्या नवऱ्याला रोज शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायकोबद्दल ते बराच वेळ बोलले. लोकांनी माना वळवल्या, नणंदेने हुंदका दिला. टेलरबाई पुढच्या बाकावर ताठ बसली होती. तिने डोळे मिटले नाहीत. शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकून घेतलं.