लटारूचा हात

लटारूनं टोपल्यातलं ओलं तूस मुठीत दाबलं, नाकाजवळ नेलं आणि कुणी न सांगताच त्यात दोन टोपली कोरडं तूस कालवलं. मग ते सगळं भट्टीच्या तोंडात ओतलं. चामोर्शीच्या या राइस मिलमध्ये धानाचं तूस बंद भट्टीत जळायचं, त्यातून गॅस निघायचा आणि त्या गॅसवर इंजिन फिरायचं. गेली एकोणीस वर्षं ते लटारूच्या कानाच्या भरवशावर चाललं होतं. ओल्या तुसानं गॅस पातळ झाला की इंजिनचा आवाज बसायचा. लटारू हवेचा व्हॉल्व्ह जरासा फिरवायचा आणि आवाज पुन्हा उठायचा. मालक गोपालभाऊ म्हणायचे, हा बायकोचं ऐकत नाही एवढं इंजिनचं ऐकतो. त्याच्या बायकोचं, सुगंधाबाईचं मत काही वेगळं नव्हतं.

आता इंजिनला एक पांढरी डबी बसवली होती. गॅस कसदार आहे की पातळ, हे ती आपली आपण ओळखणार आणि हवाही आपणच कमीजास्त करणार. चाचणीचा आज तिसरा आणि शेवटचा दिवस. डबी उपयोगी ठरली तर राहणार, नाहीतर चंद्रपूरहून आलेली इंजिनिअर करिष्मा ती काढून परत नेणार होती.

डबी राहावी असं सगळ्या मिलमध्ये लटारूइतकं कुणालाच वाटत नव्हतं. त्याची लेक ज्योत्स्ना झाडीपट्टीच्या, गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकात काम करायची. अकरा हंगाम झाले. तिच्या नावाचा पुकारा करत भोंग्याच्या गाड्या मिलवरून जायच्या, पण बाप एकदाही मांडवात जाऊन बसला नव्हता. नाटकाचे दिवस आणि धान भरडायचे दिवस एकच, आणि तेव्हा मिल रात्रीही चालायची. इंजिन कुणाच्या हवाली करायचं? आज वडशाच्या वाटेवरच्या एका गावात तिचा शेवटचा प्रयोग होता. पुढे लग्न, मग रायपूर. “डबी चालली त जा, लटारू,” असं गोपालभाऊंनी कबूल केलं होतं. लेकीला एकदा तरी रंगमंचावर डोळे भरून पाहायचं, या एका आशेवर त्याचा जीव आठ दिवस टांगणीला लागला होता.

करिष्मानं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक सरळ रेघ होती.

“लटारूभाऊ, तीन दिवस झाले, गॅस बदलूनच नाई राह्यला. डबीले कामच नाई. गरज नाई म्हणून लिहून देऊ का?”

लटारूनं जोरजोरात मान हलवली.

“असं नका लिहू, म्याडम. तूस त रोज बदलते.”

“मंग रेघ काऊन हालत नाई?”

लटारू तिच्याकडे बघत उभा होता आणि त्याचा उजवा हात शेजारच्या टोपल्यात कोरडं तूस कालवत होता. करिष्माला आधी हसू आलं. मग ती हसायची थांबली.

“हात काढा तो. डबीच्या आधी तुमीच सगळं सुधरवून राह्यले. उपाशी ठेवलं तुमी तिले.”

लटारूनं हात बाहेर घेतला आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिला. डबी राहावी म्हणून देवाला नवस बोलणारा तोच आणि डबीच्या तोंडचा घास काढणाराही तोच.

“फाटकाबाहेर जाऊन उभे राहा,” करिष्मा म्हणाली. “काई झालं तरी आत येऊ नका.”

फाटकापाशी सुगंधाबाई पिशवी घेऊन उभी होती. लेकीचं नाटक पाहायला ती दरवर्षी एकटीच जायची. आत करिष्मानं स्वतः सगळ्यात ओलं तूस भट्टीत ओतलं. थोड्या वेळानं इंजिनचा आवाज जड झाला. मग आणखी जड. लटारूनं इतका खाली तो कधी जाऊच दिला नव्हता. तो दोन पावलं आत धावला, थांबला, आणि दोन्ही हात बगलेत दाबून उभा राहिला. इंजिननं एक धाप टाकली. मग आवाज हळूहळू, कुणाचा हात न लागता, वर चढला आणि एकसारखा येऊ लागला.

दारातून करिष्मानं हसून हात हलवला. सुगंधाबाईनं पिशवी उचलली. लटारू मात्र जागचा हलला नाही.

“आता काऊन उभे राह्यले?” सुगंधाबाईनं विचारलं. “इंजिन त चालून राह्यलं.”

त्यालाही तेच कळत नव्हतं. म्हणजे, कळत होतं. ज्योत्स्नाच्या पहिल्या नाटकाच्या वेळी एका रात्रीपुरतं इंजिन सांभाळायला मिलमधला नथ्थू तयार होता. त्याला आवाजातलं काही समजत नाही, असं लटारूच म्हणाला होता. त्याच सकाळी चौकात कुणीतरी हसत विचारलं होतं, पोरीले नाचवून राह्यला म्हणते? तेव्हा तो मान खाली घालून मिलमध्ये आला होता आणि व्हॉल्व्हवर हात ठेवून बसला होता.

सुगंधाबाईनं फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

“बाबा? येऊन राह्यले म्हणते माय. खरं?”

“हो.”

पलीकडे कुणीतरी तबला ठोकून पाहत होतं.

“मंग आता लाज नाई वाटत तुमाले?”

लटारूनं मिलकडे पाहिलं. सांगायला इंजिन होतंच; अकरा वर्षं होतं. त्यानं मिलकडे पाठ केली.

“वाटत होती,” तो म्हणाला. “इंजिनचं नुसतं निमित्त होतं, बाई.”

पलीकडचा तबला आता सुरात लागला होता.

“साडेतीनची एसटी धरा,” ज्योत्स्ना म्हणाली. “आन पहिल्या रांगेत बसू नका.”

“काऊन?”

“तुमी दिसले त मले पुढचं बोलता येणार नाई.”