दोन भिंतींमधली फट

अल्मा-अतातल्या आमच्या नव्या टीव्ही केंद्रात तोलेगेनशी बोलणं हळूहळू सगळ्यांनी टाकलं. तो ध्वनिमुद्रक, मी दिवे सांभाळायचे. नाटकाचं चित्रीकरण सुरू झालं की मोठ्या स्टुडिओच्या भिंतीतून ठक्, ठक् आवाज यायचा. बातम्यांच्या वेळी मात्र चिडीचूप. आणि नाटकांना ध्वनिमुद्रक नेहमी तोलेगेनच.

"आतून कुणीतरी ऐकतंय," निवेदिका कुल्याश कँटीनमध्ये कुजबुजली. "त्याला कोण सामील आहे, ते मी सांगायला नको."

कुल्याशला तो आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा. पूर्वी दोघं रोज एकत्र दुधाचा चहा प्यायचे, तिच्या हातचे बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, खायचे. तिच्या भावाने घरात सरकारवर एक विनोद केला होता. तो तिने फक्त तोलेगेनला सांगितला, आणि महिन्याभरात भावाची नोकरी गेली.

"आपा, माझ्याशी बोलत का नाही तुम्ही?"

"बोलायला कशाला हवं? तुला ऐकू येतंच की सगळं!"

तो चिडला नाही. मला म्हणाला, "टॉर्च घेऊन चल. दुसरं कुणी येणार नाही."

आमचा स्टुडिओ म्हणजे इमारतीच्या पोटात ठेवलेली वेगळी पेटीच. पाया वेगळा, भिंती वेगळ्या, आणि बाहेरच्या भिंतीपर्यंत वीतभर फट. रस्त्यावरचा ट्रक असो की भूकंपाचा हादरा, आत काही पोचू नये म्हणून. आम्ही खालची फळी काढून त्या फटीत उजेड टाकला. तो आवाजाचं कारण शोधत होता. मी, खरं सांगायचं तर, चोरट्या मायक्रोफोनची वायर शोधत होते.

वायर नव्हती. गवंड्यांनी फटीत टाकलेलं सिमेंट घट्ट होऊन दोन्ही भिंतींना चिकटलं होतं. पलीकडेच सामानाची लिफ्ट. नाटक असलं की तिच्यातून सेट वरखाली व्हायचे, आणि तिचा प्रत्येक दणका थेट आत.

तोलेगेनने पहारीने ते सिमेंट फोडलं. आवाज थांबला. एक ढेकूळ त्याने कुल्याशपुढे ठेवलं.

तिने ते उलटसुलट करून पाहिलं. "आवाज याचा होता, मान्य. आणि माझ्या भावाचं काय?"

"मी कुणाला बोललो नाही, आपा."

"मग कोण बोललं?"

दुसऱ्या दिवशीही ती वेगळ्याच टेबलावर बसली. शरद ऋतूत त्याने दूरच्या कारागांडा शहरातल्या रेडिओवर बदली मागून घेतली.

तोपर्यंत त्याच्यासोबत चहाला मी बसायचे. हवापाण्याच्या गप्पा मारायचे. घरचं मात्र त्याच्यापाशी एक अक्षर काढलं नाही.